पहिल्या फेकीला अडकतो, आठव्या फेकीला उडतो

बेळगावात राहून समुद्रावर गरी टाकायची तर पहाटे तीनला उठणं आलं. शिनोळीला हद्द ओलांडायची, नागनवाडी मागे टाकायची, आंबोलीचा घाट उतरायचा, सावंतवाडीत पहिला चहा, आणि उजाडताना शिरोड्याची वाळू. त्यातही गंमत अशी की आमिषाचा बांगडा आम्ही बेळगावच्या बाजारातून घेतो. म्हणजे जो मासा काल घाट चढून वर आला, तोच आज बर्फाच्या डब्यातून घाट उतरून परत समुद्रात. कोकणातल्या माणसाची एक फेक वाया गेली तर तो संध्याकाळी पुन्हा येतो. आमची सगळी सकाळ वाया गेली तर पुढची पाळी पंधरा दिवसांनी.

अशा तीन सकाळी आमच्या ओळीने वाया गेल्या. कारण एकच वाटत होतं, आमिषाची क्लिप, म्हणजे फेकताना आमिषाचा गळ शिशाजवळ धरून ठेवणारी तार. ते प्रकरण कसं सुटलं ते सविस्तर लिहितो, कारण चूक क्लिपमध्ये नव्हतीच आणि तरी आम्ही दीड महिना क्लिपच वाकवत बसलो.

आधी मांडणी सांगतो. तेरा फुटी रॉड, १५० ग्रॅमचं शिसं, म्हणजे पाच औंसांच्या थोडं वर. मुख्य दोर बारीक, त्याच्या पुढे जाड तंगुसाचा, म्हणजे नायलॉनच्या दोराचा, लीडर; फेकीचा झटका तो झेलतो. लीडरचा जुना हिशेब असा की शिशाच्या दर औंसाला दहा पौंड आणि वर आणखी दहा. पाच औंसाला साठ पौंड. यात काटकसर करू नये. फेकीच्या झटक्यात दोर तुटला तर ते शिसं बंदुकीच्या गोळीसारखं जातं आणि कुठे जाईल ते कुणाच्या हातात नसतं. लीडरच्या खाली सव्वा मीटरचा जाड तंगूस, हा रिगचा, म्हणजे दोराच्या टोकाच्या सगळ्या जोडणीचा, कणा. कण्यावर वरच्या अंगाला एक फिरकी, फिरकीच्या वर-खाली एकेक मणी, आणि मणी सरकू नयेत म्हणून दोन्हीकडे स्टॉपरची गाठ. त्या फिरकीतून पाऊण मीटरचा बारीक तंगूस फुटतो. त्याला आम्ही फाटा म्हणतो. फाट्याच्या टोकाला गळ.

हा गळ आमिषासकट मोकळा सोडून फेकलं तर तो हवेत गरगरतो, शिशाचा वेग खातो, कण्याभोवती वेढे घेतो आणि आमिषाच्या चिंध्या होतात. म्हणून शिशाच्या लगेच वर तारेची एक बारकी क्लिप असते. तिचं तोंड खाली, शिशाकडे. गळ खालून तिच्यात अडकवायचा. फाटा ताठ असल्यामुळे गळ वर ओढलेला राहतो, म्हणून बसतो. आमिष शिशाच्या आडोशाने उडतं. शिसं पाण्यावर आपटून मंदावतं, आमिष मात्र आपल्या वेगात पुढे जाऊ बघतं, गळ खाली सरकतो आणि क्लिपमधून सुटतो. सगळा खेळ त्या दोन-तीन मिलिमीटर सरकण्याचा.

क्लिप आमची घरचीच. माझ्या चुलतभावाचा उद्यमबागेत तारकामाचा छोटा वर्कशॉप आहे. त्याने एक मिलिमीटरच्या स्टेनलेस तारेतून चाळीस क्लिप वाकवून दिल्या होत्या. त्याच्यावर संशय घ्यायला सोयीचं होतं.

पहिली खेप दसऱ्याच्या आधीची. आम्ही दोघे, मी आणि सुभेदारमामा. मामा आमच्या गल्लीतले, पलटणीतून निवृत्त झालेले, नात्याने कुणाचेच मामा नाहीत पण सगळ्यांचे आहेत. त्या सकाळी दोन तऱ्हा झाल्या. काही फेकी मस्त लांब गेल्या, वीस मिनिटं वाट पाहिली, टोक हललं नाही, गुंडाळून बघतो तर कोळंबी जशीच्या तशी, गळ क्लिपमध्येच बसलेला. म्हणजे वीस मिनिटं आम्ही शिशाला चिकटवलेलं आमिष माशांना दाखवत होतो. आणि काही फेकींत उलटं झालं. रॉड फिरवला की फडफड असा आवाज, शिसं पंचवीस-तीस पावलं आधीच पडलं, आणि आमिष समुद्राच्या भलत्याच बाजूला उडून गेलं.

शेजारी गरी टाकून बसलेल्या तिथल्या एका आजोबांनी आमचा अडकलेला गळ बघितला आणि हसून म्हणाले, "अरे, गळ सुटलोच नाय!" त्यांच्या हातात साधा दोर, टोकाला खडा बांधलेला. त्यांनी तोवर शेवटे जातीचे दोन मासे काढले होते.

परतीच्या वाटेवर गाडीत वाद.

"क्लिप घट्ट झालीय मामा. तोंड उघडायला पाहिजे."

"घट्ट काय करायलास? माझे तीन बांगडे उडाले की. ढिली आहे ती. आवळून घे."

दोघांकडे पुरावा होता, म्हणून दोघेही हटून बसलो. शेवटी तोंड थोडं उघडलं. दुसऱ्या खेपेला आमिष जास्त उडालं. मग आवळलं. तिसऱ्या खेपेला सुरुवातीच्या फेकी सगळ्या अडकल्या. चुलतभाऊ वैतागला. "एकदा काय ते ठरवा, नाहीतर मी तुम्हाला खिळे वाकवून देतो," म्हणाला. त्याने व्हर्नियर घेऊन बारा क्लिप मोजल्या. तोंडाचा फरक एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाही नव्हता. एकाच मापाच्या क्लिपा एकाच सकाळी अडकतातही आणि सोडतातही, याचा अर्थ काय, हे मात्र आम्ही त्या दिवशी विचारलं नाही.

तिसऱ्या खेपेत मी एक शहाणपणा केला होता. वही नेली होती. प्रत्येक फेकीपुढे एकच शब्द: अडकला, सुटला किंवा उडाला. आंबोलीत चहाच्या टपरीवर ती वही उघडली आणि ओळीने वाचली. माझ्या रॉडवर पहिल्या चार फेकी अडकला, अडकला, अडकला, अडकला. पुढच्या तीन सुटला. आठवीपासून उडाला. मधे एकही उलटसुलट नाही. मामांच्या रॉडवर थोडं पुढेमागे, पण चाल तीच.

बिघाड जर क्लिपच्या तोंडात असता तर तो असा रांगेत उभा राहिला नसता. काहीतरी होतं जे पहिल्या फेकीला घट्ट होतं आणि फेकीगणिक ढिलं होत जात होतं.

वहीत एक घोळही होता, तो कबूल करतो. आम्ही सकाळी कोळंबीने सुरुवात करतो आणि ऊन चढल्यावर बांगड्याच्या पट्ट्या लावतो. म्हणजे "सुरुवातीला अडकतो" याचा अर्थ "हलकं आमिष अडकतं" असाही निघू शकत होता, आणि "नंतर उडतो" म्हणजे "जड आमिष उडतं". मामांनी लगेच तेच धरलं. पण अकराव्या फेकीला माझी रिग खडकात अडकून तुटली होती आणि मी पिशवीतली नवी, घरून बांधून आणलेली रिग लावली होती. बाराव्या फेकीला आमिष बांगड्याचीच पट्टी, शिसं तेवढंच, वारा तोच. वहीत पुढे लिहिलेलं: अडकला. रिग नवी झाली आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. त्या एका ओळीने मला आंबोलीत दुसरा चहा प्यायला लावला.

आता शोध कुठे घ्यायचा ते कळलं, रिगमध्ये. पण समुद्र पंधरा दिवस लांब. तेव्हा जे बेळगावात होईल ते बेळगावातच करायचं ठरलं.

एका फेकीत गळाच्या जिवावर बेतणारे क्षण तीन. पहिला, रॉडचा झटका. शिसं थांबलेल्या अवस्थेतून ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातं, तेही हाताच्या एका फिरवणीत. त्या वेळी आमिषाला मागे, म्हणजे शिशाकडे, खेच बसते. ढोबळ हिशेब केला तर ही खेच वजनाच्या किमान दहापट येते. ४० ग्रॅमची बांगड्याची पट्टी तेवढ्या क्षणापुरती ४०० ग्रॅमची होते आणि गळाला क्लिपबाहेर काढायला बघते. दुसरा क्षण, दोर सुटल्यावरचा. झटक्यात ताणलेला कणा आखडतो, आणि फाट्यात ढिलाई असेल तर गळ इथे पडतो. त्यानंतर हवेतून जाताना उलट धोका नसतो. हवा आमिषाला मागे, रॉडच्या बाजूला दाबते, म्हणजे गळ क्लिपमध्ये आणखीच बसतो. तिसरा क्षण पाण्याचा, तिथे तो सुटलाच पाहिजे. पहिल्या दोन क्षणांना कोरडं शेत चालतं. तिसऱ्याला पाणी लागतं, पण खारं असलंच पाहिजे असं नाही.

शेत यळ्ळूरच्या मित्राचं. सुगी नुकतीच आटोपली होती, भाताची धसकटं उभी होती, समोर राजहंसगड. त्याने बजावलं, "आठ दिवस. मग मी मसूर टाकणार." भात निघालं की मागच्या ओलीवरच मसूर पेरायचा, ही आमच्याकडची रीत, ओल गेली की शेत हातचं गेलं. त्यामुळे कामाला आपोआप मुदत लागली. पुढे दोनशे पावलांत माणूस-जनावर नाही याची खात्री करूनच फेकायचं असं ठरलं होतं, आणि एका म्हशीने पहिल्याच दिवशी तासभर काम बंद पाडलं.

खरं आमिष शेतात नासायचं नव्हतं. चिंधीत ओली वाळू बांधून पुरचुंड्या केल्या, काही १५ ग्रॅमच्या, काही ४० ग्रॅमच्या, सोनाराच्या नाही तरी किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोललेल्या. मग मी बायकोची लाल नेलपॉलिश मागून आणली. फिरकीखालचा स्टॉपर जिथे संपतो तिथे कण्यावर एक बारीक टिंब. टिंब वाळलं की फेकायचं, शिसं मातीतून उपटायचं, आणि स्टीलच्या पट्टीने बघायचं की गाठ टिंबाच्या कुठे आहे.

पहिल्या फेकीनंतर गाठ टिंबावर अर्धी चढलेली. दुसऱ्यानंतर टिंब गाठीखाली झाकलेलं. पाचव्यानंतर टिंब गाठीच्या वर आलं होतं, मधे स्वच्छ चार मिलिमीटर मोकळा तंगूस. आठव्या फेकीनंतर सात मिलिमीटर. मी पट्टी मामांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून बघितलं, काही बोलले नाहीत, फक्त स्वतःची रिग पिशवीतून काढून तिच्यावरही टिंब दे म्हणाले.

झालं होतं ते एवढंच. झटक्यात आमिष फाट्याला खाली खेचतं, फाटा फिरकीला, फिरकी मण्याला, मणी स्टॉपरच्या गाठीला. गाठ दर फेकीला एक-एक मिलिमीटर खाली घसरते. ती खाली आली की फिरकी क्लिपच्या जवळ येते, आणि फाटा तेवढ्याने ढिला होतो. क्लिपमध्ये गळ अडकून राहायला तीन मिलिमीटरची खोली. ढिलाई तीनच्या वर गेली की गळाला धरणारं काही उरत नाही. शिवाय नव्या रिगच्या बाकीच्या गाठीही पहिल्या काही फेकींत आवळून बसतात, त्याने फाटा आणखी थोडा लांबतो; नायलॉन पाणी पितं आणि भिजल्यावर सैलावतं, तेही त्यातच. पण मुख्य चोर स्टॉपर. १५ ग्रॅमच्या पुरचुंडीने आठ फेकींत तो जेमतेम दोन मिलिमीटर हलला होता. म्हणजे मामांचं "जड आमिष उडतं" हेही अर्धं खरं होतं, फक्त ते गळाला न उडवता आधी गाठ सरकवत होतं.

मोबाइलवर हळू गतीचं चित्रणही केलं. मित्राचा पुतण्या बाजूच्या बांधावर, फेकीच्या रेषेपासून चांगला लांब उभा राहून घेत होता. आठव्या-नवव्या फेकीत दिसलं ते असं: झटक्यात गळ जागेवरच होता. दोर सुटला, शिसं रॉडच्या टोकाला ओलांडून गेलं, आणि तिथे, जिथे कुणी बघत नाही तिथे, गळ अलगद क्लिपखाली आला आणि फाटा शेपटासारखा उघडला. आम्ही इतके दिवस समजत होतो की झटक्याने उडतो.

राहिला पहिला अर्धा भाग, सुरुवातीला अडकतो तो का. याचं उत्तर खरं तर आमच्या हातांत होतं. आमिष उडतं या भीतीने आम्ही घरी रिग बांधताना फाटा तानपुऱ्याच्या तारेसारखा ताणत होतो. गळ क्लिपमध्ये बसवला की सगळा कणा धनुष्यासारखा वाकायचा आणि ते बघून आम्हाला बरं वाटायचं.

त्याची परीक्षा विहिरीवर घेतली. त्याच शेताची विहीर, कठड्यापासून पाणी वीस फुटांवर. रिळाची बेल, म्हणजे दोर अडवणारी तारेची कडी, उघडी ठेवून शिसं सरळ खाली सोडायचं. वीस फुटांवरून पडलेली वस्तू पाण्याला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या जवळ असतो. शंभर मीटरच्या फेकीतलं शिसं याहून बऱ्याच जास्त वेगाने पाण्यात शिरतं. म्हणजे विहीर ही समुद्रापेक्षा कडक परीक्षा. इथे जो गळ सुटला तो तिकडे सुटणारच. धनुष्यासारख्या ताणलेल्या रिगमधून छोटी पुरचुंडी दहातून तीनदाच सुटली. मोठी सहादा. फाटा इतका सैल केला की कणा सरळ राहील पण गळ नखाने खाली दाबल्याशिवाय हलणार नाही, तेव्हा छोटी नऊदा आणि मोठी दहाच्या दहा वेळा. विहिरीवर धुणं धुवायला आलेल्या मावशींनी विचारलं, "काय शोधायलाय रे, बादली पडली काय?" त्यांना सगळं समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, बादलीच पडलेली बरी.

म्हणजे एकच रिग सकाळी इतकी घट्ट की सोडत नाही, आणि दोन तासांनी इतकी ढिली की धरत नाही. मधल्या तीन फेकी तेवढ्या चांगल्या, त्याही आपोआप.

इलाज दोन भागांचा. स्टॉपरच्या गाठी काढून टाकल्या आणि त्या जागी क्रिम्प, म्हणजे तंगुसावर दाबून बसवायच्या धातूच्या बारीक नळ्या. यात एक खोच आहे. पकडीने जोर लावून चेपल्या तर तंगूस आतून चिरडतो आणि पुढे नेमका तिथेच तुटतो, आणि १५० ग्रॅमच्या फेकीत तिथे तुटलेला परवडत नाही. हलक्या हाताने दोनदा दाबायचं आणि नखाने ढकलून बघायचं. सरकला तर आणखी एक दाब. नेलपॉलिशचं टिंब तरीही ठेवायचं, कारण क्रिम्पही सरकतो, फक्त कमी.

दुसरा भाग स्प्रिंगचा. क्रिम्प पक्का झाला तरी तंगूस भिजून सैलावणं आणि गाठी बसणं थांबत नाही. तेव्हा खालचा क्रिम्प आणि फिरकी यांच्या मधे कण्यावरच एक बारीक मऊ स्प्रिंग. फाटा ढिला झाला की स्प्रिंग फिरकीला वर ढकलून ती ढिलाई खाऊन टाकते. विकत मिळणाऱ्या रिगमध्ये अशा स्प्रिंगा असतात हे आम्हाला ठाऊक होतं. आम्ही त्यांना नुसती शोभा समजत होतो. आधी बॉलपेनची स्प्रिंग लावून बघितली. कडक निघाली, विहिरीत गळ पुन्हा अडकायला लागला, आणि मिठाच्या पाण्यात एक रात्र ठेवली तर सकाळी तांबूस. मग चुलतभावाने अर्ध्या मिलिमीटरहून बारीक स्टेनलेस तारेची, दोन मिलिमीटरच्या खिळ्यावर वळलेली, बारा वेढ्यांची करून दिली. या वेळी तो खूश होता. त्याच्या क्लिपा निर्दोष सुटल्या होत्या, आणि ते तो अजून महिन्यातून एकदा ऐकवतो.

स्प्रिंग किती दबलेली हवी याला माप नाही, हातानेच कळतं. गळ क्लिपमध्ये बसवल्यावर स्प्रिंग अर्धी दबलेली दिसावी आणि कणा सरळ राहावा. पूर्ण दबली तर आपण पुन्हा तानपुऱ्यावर आलो. मुळीच दबली नाही तर ती खाणार काय?

पाण्याच्या धक्क्याने सोडणाऱ्या क्लिपचाही पर्याय आहे, ज्यात प्लॅस्टिकची चकती किंवा पंख असतो, शिसं पाण्यात शिरताना पाणी त्याला वर ढकलतं आणि तो गळाला बाहेर लोटतो. ब्रिटनमधल्या ब्रेकअवे कंपनीच्या इम्प नावाच्या क्लिपची रचना अशीच. यात आमिषाच्या वजनावर काही अवलंबून राहत नाही, म्हणून कोळंबीसारख्या हलक्या आमिषाला ती चांगली. आम्ही दोन मागवल्या. विहिरीत एकदाही चुकल्या नाहीत. पण फाटा सरकत असेल तर त्याही वेळेआधी सोडतात, आणि खडकाळ जागी एका सकाळी तीन रिगा जाणाऱ्या माणसांनी एवढी महागडी वस्तू पाण्यात घालवावी असं मला वाटत नाही. मामांना वाटतं.

डिसेंबरची चौथी खेप. पहिल्या बावीस फेकी, दोघांच्या मिळून. उडाला: शून्य. अडकला: चार, आणि चारही मामांच्या रॉडवर. यावर मी बराच वेळ त्यांच्याकडे नुसतं बघत बसलो, तेव्हा ते दिसलं. शिसं पाण्याला टेकायच्या क्षणीच ते बोटाने दोर दाबून धरत होते. दोराला झोळ पडू नये ही चांगली सवय, पण ते क्षणभर आधी दाबत होते. शिसं तिथे मंदावायचं, कणा ताठ राहायचा, आपटण्यातला जोर निघून जायचा. "शिसं बुडू द्या, मग धरा," म्हटलं.

"तीस वर्षं असंच धरतोय मी."

"तीस वर्षं क्लिप कुठे होती मामा?"

पुढच्या सहा फेकींत एकही अडकला नाही. नंतर एकदा अडकला तो वेगळ्याच कारणाने. आमिष बांधायच्या इलॅस्टिक दोऱ्याचं शेपूट लांब राहिलं होतं, ते क्लिपच्या वेढ्यात गुंतलं. बांधून झालं की दोरा ब्लेडने मुळाशी कापायचा, एवढंच त्याचं औषध. आणि जाड तारेचे गळ या क्लिपमध्ये घालायचे नाहीत. आत बसतात, पण रुतून बसतात.

मासे म्हणाल तर एक बऱ्यापैकी शिंगाळा आणि दोन मुडदुशा. शिंगाळ्याच्या काट्याला मामांचा अंगठा लागला आणि सावंतवाडीपर्यंत ते गरम पाण्याच्या थर्मासच्या झाकणात अंगठा बुडवून बसले होते. पण मासे आणि अडकलेल्या फेकी सोडल्या तर त्या दिवशी गुंडाळलेला प्रत्येक गळ एक तर रिकामा होता किंवा खेकड्यांनी कुरतडलेलं आमिष घेऊन आला होता. दोन्हींचा अर्थ एकच, आमिष तळाशी मोकळं होतं.

नेलपॉलिशची बाटली परत द्यायची राहिली आणि आता ती गरीच्या पिशवीतच असते. मामांना दोन गळांची रिग करायची आहे, वरच्या गळाला वेगळी क्लिप आणि वेगळी स्प्रिंग. तिचा कणा लांब, म्हणजे ताणणंही जास्त, ते आधी शेतात बघायला पाहिजे. पण यळ्ळूरच्या त्या तुकड्यात मसूर वीतभर वर आलाय. मित्र म्हणतो, पुढच्या सुगीनंतर या.